वल्हे मारणाऱ्याला काय म्हणायचे?

क्रिकेटचा सामना असला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘कर्णधार’ हा शब्द दहा वेळा तरी येतो. कर्णधाराने नाणेफेक जिंकली, कर्णधार लवकर बाद झाला, वगैरे. वाचताना कुणाच्या डोळ्यांपुढे होडी येत असेल असे मला वाटत नाही. संस्कृतात कर्ण म्हणजे कान हे आपल्याला ठाऊक असते. पण नावेच्या मागच्या बाजूला पाण्यात सोडलेल्या सुकाणूलाही कर्ण म्हणत. ते धरून बसतो तो कर्णधार. होडीच्या मागच्या टोकाला बसणारा हा माणूस आज संघाचा झाला, पक्षाचा झाला, संमेलनाच्या मांडवात तर अख्ख्या समाजाचा कर्णधार होऊन बसला. शब्दाने भाग्य काढावे तर असे!

मला पडलेला प्रश्न मात्र दुसऱ्या माणसाचा आहे. मागे बसून दिशा देणाऱ्याला इतका मानाचा शब्द मिळाला. मग त्याच होडीत पाठीचा काटा मोडेपर्यंत वल्हे ओढणाऱ्याला काय म्हणायचे?

तुम्ही म्हणाल, नावाडी. पण नावाडी म्हणजे नावेवरचा माणूस. तो वल्हे मारील, उथळ पाण्यात बांबूने होडी रेटील, वारा मिळाला तर शीड सोडील आणि पैलतीरी उतरताना तुमच्याकडून पैसेही तोच घेईल. नेमके वल्हे मारणारा असे त्या शब्दात कुठेच नाही. मराठीत वल्हे आहे, वल्हवणे हे क्रियापदही आहे, पण ते करणारा माणूस म्हणजे ‘वल्हवणारा’ किंवा ‘वल्हे मारणारा’ अशी क्रियापदाला जोडलेली शेपटी. ‘वल्हेकरी’ असा शब्द बनवायला व्याकरणाची हरकत नाही, पण बोलताना तो माझ्या कानावर कधी आलेला नाही. पोर्तुगीजांचे बघा. ‘रेमु’ म्हणजे वल्हे, ‘रेमादोर’ म्हणजे ते ओढणारा. काम आणि माणूस यांचा थेट संबंध.

ही उणीव केवळ कोशात बसून दिसते असेही नाही. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवले. पाण्याचा दुष्काळ असलेल्या गावचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला, ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापली. पण त्याला म्हणायचे काय, इथे सगळ्यांची पंचाईत. कुणी ‘नौकानयनपटू’ लिहिले, कुणी ‘रोइंगपटू’. नयन म्हणजे नेणे. नौकानयनात शीड आले, सुकाणू आले, अख्खी जहाजविद्या आली. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीलाही आपण नौकानयनच म्हणतो. शेवटी ‘रोइंग’लाच ‘पटू’ चिकटवून काम भागवावे लागले.

आपल्याकडे शब्द कधी नव्हताच असे समजू नये. होता, आणि तोही फार जुना. ऋग्वेदात ‘अरितृ’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ वल्हे मारणारा, दुसरा काही नाही. दुसऱ्या मंडलात शकुन सांगणाऱ्या पक्ष्यावरचे एक सूक्त आहे. तो पक्षी आपली वाणी कशी पुढे सोडतो, तर अरिता नाव पुढे ढकलतो तशी, अशी उपमा ऋषीने दिली आहे. वल्ह्याला ‘अरित्र’ म्हणत. भुज्यूला समुद्रातून वाचवणाऱ्या अश्विनांची नाव शंभर अरित्रांची होती, असे पहिल्या मंडलात येते. भाषाशास्त्रज्ञ या अरितृचे नाते ग्रीकमधल्या ‘एरेतेस’शी आणि लॅटिनमधल्या ‘रेमुस’शी लावतात. म्हणजे वर सांगितलेला पोर्तुगीज रेमादोर आणि आपला वैदिक अरितृ हे लांबचे भाऊबंद. त्यांच्याकडे तो घरात राहिला, आपल्याकडून कुठे गेला?

अमरकोश उघडून बघितला. पहिल्या कांडातल्या वारिवर्गात नावेचे सगळे सामान नीट मांडून ठेवले आहे. डोलकाठीला कूपक आणि गुणवृक्षक, वल्ह्याला नौकादण्ड आणि क्षेपणी, आत आलेले पाणी उपसायच्या भांड्याला सेकपात्र. समुद्रावरच्या व्यापाऱ्याला सांयात्रिक, जहाज हाकणाऱ्याला नियामक. नाविक हा शब्द आहे, पण अमरसिंहाने तो कर्णधाराच्या जोडीला, त्याच अर्थाने दिला आहे. म्हणजे नाविकसुद्धा मूळचा सुकाणूवालाच! आणि क्षेपणी ज्याच्या हातात असते तो? त्याला जागा नाही. वल्ह्याला दोन नावे, वल्हे ओढणाऱ्याला एकही नाही.

कौटिल्य हिशेबाचा माणूस, त्याच्या हातून कुणी सुटणार नाही असे वाटले. अर्थशास्त्रात नावध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मोठ्या, उन्हाळ्यातही पायी उतरता न येणाऱ्या नद्यांवरच्या महानावांवर कोण कोण माणसे असावीत याची यादी त्याने दिली आहे. शासक म्हणजे वरचा अधिकारी, निर्यामक म्हणजे वाट धरणारा, दात्र म्हणजे कोयता धरणारा, रश्मी म्हणजे दोर धरणारा आणि उत्सेचक म्हणजे पाणी उपसणारा. पाणी उपसणाऱ्याची नोंद आहे. वल्हेवाला नाही. मोठ्या नावा शिडावर आणि दोरावर चालत म्हणून असेल. पण वल्ह्याशिवाय मोठी नाव धक्क्याला लावून दाखवावी कुणीतरी.

मला याचे कारण वेगळे वाटते. वल्हे मारणाऱ्याला कामावरून ओळखायची गरज कुणाला पडली नाही, कारण त्याला जातीवरून ओळखले जात होते. कैवर्त, दाश, धीवर, निषाद, उत्तरेत केवट, दख्खनच्या नद्यांवर भोई, कोकणात कोळी, खारवी, गाबीत. हेच लोक मासे मारणार, हेच होडी वल्हवणार. भोई तर जमिनीवर पालखीही वाहणार. अंग मोडून करायची ही कामे एकाच माणसाची, म्हणून कामागणिक वेगळा शब्द कशाला, असा तो हिशेब.

रामायणातला प्रसंग आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतो, पण वाल्मीकींचा आणि तुलसीदासांचा आपण एकत्र कालवून टाकतो. वाल्मीकींच्या गुहाने रामाला वल्हवत नेलेले नाही. तो निषादांचा राजा, तो नाव मागवतो आणि काठावर राहतो. गंगापार नेणारे जे आहेत ते नुसते ‘नाविक’, अनेकवचनी. पाय धुतल्याखेरीज नावेत घेणार नाही म्हणणारा केवट तुलसीदासांचा. तिथे वल्हे मारणाऱ्याला तोंड फुटले, पण नाव तेच जातीचे. दोन्ही महाकाव्यांत स्वतःच्या हाताने होडी चालवणारी आणि स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती मला एकच आठवते, आणि ती बाई आहे. यमुनेवर बापाच्या सांगण्यावरून प्रवाशांना पार करणारी सत्यवती. पराशर तिच्या होडीत बसले आणि व्यासांचा जन्म झाला. महाभारताच्या कर्त्याची आई तरीवरची मुलगी होती, हे आपण किती सहज विसरतो.

समुद्रावर आलो की शब्दांचे वारे बदलते. इथे फारशी आणि अरबी. ‘नाखुदा’ म्हणजे नाव अधिक खुदा, नावेचा धनी. हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर किती जुना मुरला आहे याचा पुरावा सौराष्ट्रात वेरावळला आहे. होर्मुझच्या नाखुदा नूरुद्दीन फिरोजने १२६४ साली मशीद बांधली, तिचा लेख संस्कृतात आहे. संस्कृत लेख, मशिदीचे दान आणि नाखुदा! आमच्या गोव्यातही त्याआधी दोनशे वर्षे, कदंब राजा पहिला जयकेशी याच्या वेळी, अरब वंशाचा अधिकारी होता, हे १०५३ च्या ताम्रपटावरून कळते. त्या काळी गोपकपट्टणच्या बंदरात कुठली भाषा ऐकू येत नसेल? याच नाखुदाचा मराठीत ‘नाखवा’ झाला. कोळीवाड्यात आजही नाखवा म्हणजे होडीचा मालक. कोळीगीतांत नाखवाला वल्हव म्हणून सांगतात तेव्हा मला गंमत वाटते. मालकाने वल्हे हातात घ्यायचे म्हणजे होडी लहान तरी असली पाहिजे, नाहीतर माणसे तरी पळाली असली पाहिजेत.

‘सारंग’ फारशी सरहंगवरून आला, मूळ अर्थ सेनानी. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हा किताबासारखा वापरलेला दिसतो. पुढे इंग्रजांच्या जहाजांवर तोच ‘सेरांग’ झाला आणि खलाशांच्या टोळीचा मुकादम एवढीच त्याची किंमत राहिली. ‘खलाशी’ अरबीतून आला. त्याने तर समुद्र सोडून तंबू ठोकले, मोजणीदाराची साखळी धरली आणि रेल्वेतही नोकरी पत्करली. हिंदीतला ‘मल्लाह’ सगळ्यांत म्हातारा. अरबीच्या मागे अक्कादी, अक्कादीच्या मागे सुमेरी, आणि तिथे त्याचा अर्थ नाव हाकणारा असा लावतात.

पण या सगळ्यांत मला गुंतवून ठेवणारा शब्द ‘तांडेल’. आपल्याकडे तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख, नाखवाच्या खालोखाल. वारा, ओहोटी, जाळे कुठे टाकायचे, सगळे त्याच्या शब्दावर. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाच्या १९०३ च्या आवृत्तीत या शब्दाच्या दोन व्युत्पत्त्या दिल्या आहेत. एक प्लॅट्सची, ती शब्दाला तांड्याशी जोडते, माणसांची रांग या अर्थाने. दुसरी मद्रासच्या शब्दसंग्रहातली. मलयाळममध्ये ‘तण्डु’ म्हणजे वल्हे, त्यावरून ‘तण्डल’, वल्हे ओढणारा. पहिलीच्या बाजूने एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या तोफखान्यात, जमिनीवर काम करणाऱ्या टोळीच्या म्होरक्यालाही तांडेलच म्हणत. तरी मन दुसरीकडेच ओढ घेते. हा शब्द मलबारपासून तेलुगू किनाऱ्यापर्यंत आणि इकडे दमणपर्यंत दर्यावर्दी लोकांच्याच तोंडी सगळ्यात घट्ट बसलेला आहे, त्याचा जन्म पाण्यावर झाला असावा असे मला वाटते. तसे असेल तर वल्हे मारणाऱ्यासाठी तयार झालेला किनाऱ्यावरचा हा एक शब्द वल्हे टाकून सुकाणूकडे जाऊन बसला. हाताखाली माणसे आली आणि शब्द बढती घेऊन निघून गेला. मागे राहिलेल्या वल्हेवाल्याला पुन्हा नाव नाहीच.

पोर्तुगीज आले ते आपल्या गाले, गालेओता, फुस्ता घेऊन. ही सगळी वल्ह्यांवर चालणारी गलबते. त्यांवर गुलाम, कैदी आणि रोजावर धरलेले लोक बसवत. या सगळ्यांना मिळून पोर्तुगीजमध्ये शब्द होता ‘शुस्मा’. मूळ ग्रीक ‘केलेउस्मा’, म्हणजे वल्हेकऱ्यांचे हात एका तालात पडावेत म्हणून दिलेली हाळी. हाळीचा शब्द हाळी ऐकणाऱ्यांवर बसला, आणि पुढे त्याचा अर्थ नुसती गर्दी असा झाला. स्पॅनिशमध्ये तर आज तो शिवीच्या जवळ आहे, फालतू लोक अशा अर्थाने. कर्णधार वर चढत गेला, शुस्मा खाली घसरत गेली. होडी एकच.

‘गालेस’ ही शिक्षाही होती. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तावडीत सापडला. १६७६ साली त्याला पाच वर्षे पोर्तुगालच्या गालेवर वल्हे मारायची शिक्षा झाली. लिस्बनला पोचल्यावर त्याला दिसले की समुद्रात गाले नाहीतच. नदीकाठच्या एका कोठडीलाच ‘गालेरा’ म्हणतात, आणि तिथे बेड्या घालून गोदीची कामे करून घेतात. वल्ही गेली, बेडी राहिली, आणि शिक्षेचे नाव मात्र वल्ह्याचेच! पुढे १६८७ साली त्याने हे सगळे लिहून छापले म्हणून आपल्याला ठाऊक. शेजारी बसलेल्या कैद्यांपैकी लिहिता येणारे किती होते?

पोर्तुगीजांचा आणखी एक शब्द आपल्या घरात रुळला आहे, तो ‘पात्रांव’. पोर्तुगीज ‘पात्रांव’ म्हणजे धनी, आणि लहान बोटीचा तांडेल हाही त्याचा अर्थ. गोव्यात पहिला अर्थ टिकला. दुकानदाराला पात्रांव, ओळखीच्या माणसाला ‘कितें रे पात्रांव’. नाखुदा, नाखवा, पात्रांव, सगळीकडे नावेचा शब्द धन्याकडे धावतो.

मराठ्यांच्या आरमाराचेही काही वेगळे नाही. आंग्र्यांच्या गलबतांवर चाळीस ते पन्नास वल्ही असत आणि वारा पडला तरी ती तासाला चार मैल जात, असे इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजे खिळल्यासारखी उभी, आणि आंग्र्यांची गलबते त्यांच्याभोवती मोकळी हिंडत. म्हणजे ज्या डावपेचाचा आपण अभिमान बाळगतो तो या चाळीस-पन्नास जणांच्या दंडांवर उभा होता. दौलतखान, मायनाक भंडारी, कान्होजी, तुळाजी ही नावे इतिहासात आहेत, असायलाच हवीत. १७५६ साली विजयदुर्गच्या खाडीत हे आरमार जळाले तेव्हा वल्ह्यावरचे लोक कुठे गेले, हे कुठल्याच पुस्तकाने सांगितलेले नाही. गाबीत हे नाव गलबतावरूनच पडले अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असली, तर निदान एका समाजाने तरी ती खूण अंगावर जपली म्हणायची. सिंधुदुर्गापासून पेडणे, काणकोण आणि कारवारपर्यंत हा समाज आहे.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. समुद्राचे शब्द धन्याकडे धावले, तरी नदीने मात्र थोडा न्याय केला असे मला वाटते. नदी ओलांडायची जागा म्हणजे ‘तर’, आमच्याकडे ‘तार’. तिथे लोकांना पार करणारा तो ‘तारी’. मूळ धातू ‘तृ’, तरून जाणे. याच धातूपासून तारू, तारक, अवतार आणि तीर्थही. तीर्थ म्हणजे पहिल्यांदा नदीचा उतारच, देऊळ नंतर आले. भवसागरातून पार करणाऱ्या देवाला संतांनी ज्या शब्दांनी हाक मारली, त्याच शब्दांच्या घरातला हा आमचा तारी. त्याच्या नावात मालकी नाही, जात नाही. पार करतो तो तारी, एवढेच.

घाटावर हेच काम कानडी ‘अंबिग’ करतो. बेळगाव-कारवारच्या लोकांना हा शब्द आणि हा समाज दोन्ही ओळखीचे. बाराव्या शतकातला अंबिगर चौडय्या बसवण्णांच्या शरणांपैकी. इतर वचनकार आपल्या इष्टदेवाच्या नावाने वचनावर मुद्रा उठवत. याने आपलेच नाव घातले, तेही धंद्यासकट. नावाडी चौडय्या सांगतो, ऐका. एवढ्या ताठ मानेने वल्हे हातात धरलेला दुसरा कवी मला माहीत नाही.

गोव्याच्या त्या प्रसिद्ध देखणीत पैलतीरी दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण होडीवाल्याची विनवणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते आणि तो नको नको म्हणत राहतो. १९७३ च्या ‘बॉबी’तल्या गाण्यामुळे ती चाल देशभर पोचली. त्या गाण्यात दामूला नाव आहे, होडीवाल्याला नाही. पण ती त्याला ‘सायबा’ म्हणते. पोटासाठी होडी वल्हवणाऱ्याला साहेब! नाखुदातला खुदा इथे नदीकाठी वेगळ्या वाटेने आला म्हणा हवे तर.

होडीला आमच्याकडे ‘व्हडें’, म्हणून चालवणारा ‘व्हडेकार’. वल्ह्याला ‘वलें’. पण चार जण वल्ही मारत असले तर त्यांतल्या एकेकाला काय म्हणतात? चोडणच्या एका वयस्क व्हडेकाराला मी हे विचारले होते. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नांवान आपयतात मरे, आनी कितें?” अमरसिंहाला आणि कौटिल्याला जे जमले नाही त्याचे उत्तर त्याच्या लेखी इतके सोपे होते. मला ते पुरेसे वाटले नाही, आणि तो तोवर दोर सोडायला वळलाही होता.

तारीचे काम कमी होत गेले ते टप्प्याटप्प्याने. आधी इंजिनाच्या लाँची आल्या, त्यांना जुनी माणसे ‘गॅसोलीन’ म्हणत. मग सरकारी फेरीबोट, मग पूल. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी-बेतीची तार पुन्हा काही वर्षे साऱ्या उत्तर गोव्याचा दरवाजा झाली. आता तिथे तीन पूल एकाशेजारी एक उभे आहेत आणि खालून फेरीबोट अजून जाते-येते. फेरीबोटीवर चालक आहे, खलाशी आहे, तारी नाही. शिवोलीला चोपड्याकडे जाणारा पूल झाला, तरी त्या जागेला तारच म्हणतात. पावसाळ्यात संध्याकाळी लोक तिथे कुर्ल्या धरायला बसतात. तारी हे आडनाव गोव्यात ठिकठिकाणी आहे. ते लावणारे शिक्षक आहेत, कारकून आहेत, वकील आहेत. त्यांतल्या किती जणांच्या घरात वलें आहे, सांगता येत नाही.

तारूंवरून आलेला एक शब्द मात्र आपल्याकडे जोरात आहे, ‘तारवटी’. जहाजावर नोकरी करणारा गोंयकार तो तारवटी. मुंबईला धोबीतलावाच्या कुडांत मुक्काम टाकून जहाजाची वाट बघणाऱ्या पिढ्या याच नावाने ओळखल्या गेल्या. आज तो पर्यटकांच्या जहाजावर स्वयंपाक करतो, खोल्या आवरतो, इंजिनात उतरतो. त्याच्या जहाजाला वल्हे नाही. पण जीवरक्षक होडी चालवण्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर त्याला एक परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत होडी वल्हवून दाखवावी लागते.